पुस्तकं पोचली. कुणापर्यंत?

प्रिय मुली,

पश्चिम केनियातल्या वाचन-कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचं काम मिळालं, अभिनंदन. निघण्यापूर्वी कोणतं सॉफ्टवेअर शिकू, असं विचारलं आहेस. ते तिथे बसून जमेल. आधी देणगीदार संस्थेचा करार वाच आणि पैसा नेमकं काय मोजून दिला जातो, ते पान शोध.

पैसा डोक्यामागे मिळू लागला की डोकी वाढतात. जानेवारी २००३ मध्ये केनियाने प्राथमिक शाळांची फी रद्द केली आणि शाळांना पटावरच्या मुलामागे अनुदान सुरू केलं. सरकारी आकड्यांत पट सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला. जगभर कौतुक झालं. पुढे जस्टिन सँडफर आणि अमांडा ग्लासमन या अभ्यासकांनी सरकारी आकडे घरोघरच्या पाहणीशी ताडून पाहिले, तेव्हा पाहणीत तशी वाढ दिसेना. पट फुगवून पूर्वी मुख्याध्यापकाच्या हाती काही लागत नव्हतं, आता लागू लागलं होतं. आपल्याला हे समजायला नैरोबी गाठायला नको. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची सुमारे २० लाख मुलं वर्गात सापडली नव्हती. घरी कुणी शिक्षक असतील तर त्यांना विचार, तासभर बोलतील. तेव्हा शाळेचा हजेरीपट जरूर घे, पण वस्तीतली घरंही फिर.

आता पश्चिम केनियातला बुसिया. हे नाव तुझ्या कानावर रोज पडेल. १९९६ मध्ये बुसिया आणि शेजारच्या टेसो भागातल्या १०० गरजू शाळांपैकी २५ शाळांना एका डच संस्थेने पाठ्यपुस्तकं दिली. शाळा वशिल्याने निवडल्या नव्हत्या, त्यामुळे उरलेल्या शाळांशी तुलना सरळ होती. पुस्तकांचा दुष्काळ असलेल्या शाळेत पुस्तकं आली तर मुलं जास्त शिकतील, यावर कोण शंका घेईल? पॉल ग्ल्यूई, मायकेल क्रेमर (यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि सिल्व्ही मूलँ या अभ्यासकांनी गुण तपासले. सरासरी हलली नव्हती.

इथेच थांबून ‘परिणाम नाही’ असा अहवाल दिला असता, तर तो खराही ठरला असता आणि निरुपयोगीही. त्यांनी मुलांना आधीच्या चाचणीतल्या गुणांनुसार गटांत वाटून पाहिलं. जी मुलं आधीच पुढे होती, त्यांचे गुण वाढले होते, बाकीच्यांचे नाहीत. पुस्तकं इंग्रजीत होती. घरी लुह्या किंवा टेसो, बाजारात किस्वाहिली आणि शाळेत इंग्रजी, म्हणजे बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा. ज्याला ओळच वाचता येत नाही, त्याच्या हातात पुस्तक दिलं काय, न दिलं काय. चूक पुस्तकाची नव्हती. सगळा अभ्यासक्रमच वर्गातल्या पुढच्या मुलांच्या बेताने आखलेला होता. माझ्या मते या क्षेत्रात इतका शिकवणारा ‘फसलेला’ प्रयोग दुसरा नाही.

याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्या मुंबईत आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. त्या वस्तीतल्याच मुली. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन बसत आणि त्यांना येतं तिथपासून शिकवत. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ पासून झालेल्या अभ्यासात सगळ्यात मागे असलेल्या मुलांचाच फायदा सर्वाधिक निघाला. म्हणून पायाभूत चाचणीचा आग्रह धर. कार्यक्रम सुरू झाल्यावर घेतलेली चाचणी म्हणजे वरातीमागून घोडं. मूल कुठे होतं हेच माहीत नसेल, तर ‘कोणत्या मुलाला उपयोग झाला’ हे विचारताच येणार नाही.

तुलना कुणाशी करतेस, याबद्दल थोडक्यात. त्याच भागात भिंतीवर लावायच्या तक्त्यांचा अभ्यास झाला. ज्या शाळांकडे तक्ते आधीपासून होते, त्यांचे गुण चांगले दिसत होते. पण १७८ शाळांपैकी निम्म्यांना तक्ते वाटून पाहिलं तेव्हा फरक शून्य. ज्या शाळेत तक्ते असतात तिथे बहुधा बरे मुख्याध्यापक आणि जागे पालकही असतात. आपल्याकडे १९९४ मध्ये परदेशी मदतीवर जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी निवडताना स्त्री-साक्षरता कमी असलेले जिल्हे तर पाहिलेच, पण साक्षरता मोहीम चांगली रुजलेले जिल्हेही हेरले. पहिल्या टप्प्यात नांदेड, परभणी, लातूर अशा मराठवाड्यातल्या जिल्ह्यांचा समावेश होता. मागासही आणि उत्साहीही! अशा जिल्ह्याची तुलना कोणाशी करणार, सांग.

एक गोष्ट मात्र तुझ्या करारात बहुधा नसेल, तरी ती बघच: काम कुणाच्या हातून होतं आहे. केनियात कंत्राटी शिक्षक नेमण्याचा प्रयोग टेसा बोल्ड आणि सहकाऱ्यांनी देशभर तपासला. काही शाळांत नेमणूक आंतरराष्ट्रीय संस्थेने केली, काहींत सरकारने. कराराचा मसुदा अक्षरशः तोच. संस्थेच्या शाळांत मुलांचे गुण वाढले, सरकारच्या शाळांत काहीच नाही. शिक्षकांच्या पात्रतेत म्हणावा असा फरक नव्हता. सरकारी बाजूला अंमलबजावणी रखडली, विरोध झाला, आणि त्याच कराराचा अर्थ शिक्षकांनी वेगळा लावला. देणगीदाराला संस्थेच्या नमुना-शाळा दाखवायला आवडतात, पण पैसा संपल्यावर कार्यक्रम सरकारच्याच गळ्यात पडतो. म्हणून शिक्षकांचा पगार कोणत्या तारखेला झाला, पर्यवेक्षक खरंच किती वेळा आला, याच्याही नोंदी ठेव. परिशिष्टात का होईना, छापून घे.

शेवटी मसुदा गेला की निरोप येईल, ‘सूर जरा सकारात्मक करा.’ सुरात तडजोड चालेल, आकड्यांत नाही. त्यासाठी माहिती गोळा होण्याआधीच अहवालात आकड्यांचे कोणते तक्ते छापणार, मुलांचे गट कसे पाडणार, हे लिहून देणगीदाराची सही घेऊन ठेव. नंतर वाद घालायला तुझ्याकडे वेळही नसेल आणि वयही आड येईल.

वाचनचाचणी किस्वाहिलीत उतरवून झाली की दोन-चार शाळांत वापरून बघ आणि मुलं कुठल्या शब्दांना अडली ती यादी मला पाठव. त्यावर बोलू.

सस्नेह