घरची ट्रेडमिल वर्षानुवर्षं टिकावी म्हणून काय काळजी घ्यायची?
सगळ्यात आधी ऑइलिंग. पट्टा आणि खालची फळी यांच्यामध्ये सिलिकॉन ऑइलच टाकायचं, खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल अजिबात नाही, आमच्याकडे हा प्रयोग झालाय, पट्टा चिकट झाला, मोटर गुरगुरायला लागली आणि शेवटी पट्टाच बदलावा लागला. तेल कधी टाकायचं? प्लग काढून पट्ट्याखाली मधोमध हात घाला, बोटं कोरडी आली तर टाका, ओशट लागली तर राहू द्या, जास्त झालं तरी पट्टा घसरतो.

पट्टा एका बाजूला सरकत असेल तर मागचा त्याच बाजूचा बोल्ट ॲलन कीने (एल आकाराच्या षटकोनी चावीने) पाव फेरा घट्ट करायचा, स्लो स्पीडला मिनिटभर चालवून बघायचं, मग लागला तर अजून पाव.

धूळ मात्र खरी वैरी, त्यातून मशीन पलंगाशेजारी असेल तर विचारूच नका, मोटरच्या कव्हरखाली केस नि कापसाचे गुंते निघतात, दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून साफ करा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, भिंतीतला 16 ॲम्पचा सॉकेटच. आणि कपडे वाळत घालायलाच वापरत असाल तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, विशेषतः पावसाळ्यात.