लाईट लागते, हॉर्न वाजतो, पण गाडी सुरू होत नाही. बॅटरी बदलावी का?

बदलू नका. निदान आज तरी नको.

तुम्ही लिहिलंय की १०० सीसीची जुनी गाडी रात्रभर पावसात भिजली, किक मारून मारून पाय दुखायला लागला, सेल्फ नुसता कट्-कट् करतो आणि मिस्त्री म्हणतो नवी बॅटरी घाला. हेच वाक्य मी आमच्या निपाणीच्या भावोजींच्या तोंडून इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

माझीही १०० सीसीच, बिनसेल्फची. श्रावणात आम्ही दोघं कणकुंबीला माऊलीच्या दर्शनाला गेलो होतो. परत येताना जांबोटीच्या अलीकडं एका वळणावर गाडी गप्प. लाईट आहे, हॉर्न आहे, टाकीत पेट्रोल आहे. तिकडचा पाऊस कसा असतो ते खानापूरवाल्यांना सांगायला नको. बायको माझ्या डोक्यावर नाही, प्लगवर छत्री धरून उभी. प्लग पुसला, कॅप पुसली, काही उपयोग नाही. शेवटी एका टेम्पोत गाडी घालून खानापुरात आणली. मिस्त्रीनं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "सीडीआय होग्यादरी." कानडीत म्हणजे सीडीआय गेलाय, प्लगला ठिणगी पुरवणारा तो इलेक्ट्रॉनिक डबा. सीडीआय बदलला, प्लग बदलला, गाडी लागली. भावोजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बॅटरी बघितलीस काय? बॅटरीच असणार."

चार दिवसांनी बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला थांबलो होतो. गाडी गेली, गेट उघडलं, रिक्षाच्या बाजूनं काढायला हँडल डावीकडं वळवलं आणि परत बंद. मागून हॉर्न आणि दोन्ही भाषांतल्या शिव्या. ढकलत कडेला घेतली, हँडल सरळ केलं, किक मारली तर पहिल्याच किकला चालू. डावीकडं वळवलं, बंद. सरळ, चालू. मी तिथं उभ्या उभ्या सात-आठ वेळा हेच केलं. बघणाऱ्यांना वाटलं असेल ह्याचं डोकं फिरलंय.

घरी येऊन हेडलाईट खोलली. वायरिंग हँडलच्या मानेपाशी जिथं वळतं, तिथं एका वायरीचं प्लॅस्टिक घासून गेलं होतं आणि नखाएवढी तांब्याची तार उघडी पडून चकाकत होती. काळी वायर, त्यावर पांढरी रेघ. होंडाच्या वळणाच्या गाड्यांत ही किलची, म्हणजे इंजिन बंद करायची वायर. चावी बंद केली की स्विच हिला हिरव्या, म्हणजे अर्थच्या वायरीला जोडतो आणि ठिणगी मरते. माझ्या गाडीत ते काम चावीऐवजी हँडल करत होतं. सव्वा इंच इन्सुलेशन टेप, काम खलास. नवा सीडीआय फुकट गेला.

म्हणून सांगतो, प्लग काढा, कॅपमध्ये घाला, प्लगचे आटे इंजिनाला टेकवा आणि सावलीत किक मारा. प्लग हातात धरू नका आणि जवळ पेट्रोल सांडलेलं नको. निळी ठिणगी पडली तर पुढचं दुखणं पेट्रोलचं, कार्बोरेटर बघा. नाही पडली तर सीडीआयकडं जाणारी ती किलची वायर सॉकेटमधून सोडवा आणि परत किक मारा. आता पडली म्हणजे वायर कुठंतरी टेकतेय किंवा चावीच्या स्विचमध्ये पाणी गेलंय. अशी गाडी सुरू झाली तर चावीनं बंद होणार नाही हे लक्षात ठेवा, गिअर घालून ब्रेक दाबून क्लच सोडावा लागतो. तरीही ठिणगी नसेल तर कॅप फिरवून काढा, वायरीचं टोक थोडं कापून परत बसवा. पावसात तिथं हिरवं चढतं.

बॅटरीचं म्हणाल तर ह्या जुन्या एसी सीडीआय गाड्यांत ठिणगीला लागणारा करंट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या कॉईलमधून येतो, बॅटरीतून नाही. दिवाळीला निपाणीला गेलो होतो तेव्हा भावोजींच्या अंगणात बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली आणि किक मारून दाखवली. गाडी चालू. जोशात रेस केली आणि इंडिकेटरचा एक बल्ब उडाला, तो मीच भरला. तुम्ही हा प्रकार करू नका.

सेल्फच्या कट्-कट्बद्दल: टर्मिनलवरची पांढरी पूड गरम पाण्यानं धुऊन घट्ट आवळा. मीटर असेल तर बघा, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ दाबल्यावर १० च्या खाली आली तर ती म्हातारी झालीय. पण ते सेल्फपुरतं. किकचा प्रश्न वेगळा.

आणि हो, हे सगळं जुन्या गाड्यांना. काही गाड्यांत डीसी, म्हणजे बॅटरीवर चालणारा सीडीआय असतो, तिथं बॅटरी मेली की ठिणगीही मेली. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक फ्युएल इंजेक्शन, तिथं पंपालाच करंट लागतो. भावोजींनी तशीच एक घेतलीय. गेल्या महिन्यात तवंदी घाटातून त्यांचा फोन आला, गाडी लागत नाही म्हणून. मी त्यांना अर्धा तास किलची वायर शोधायला लावली. बॅटरीच गेली होती.