कळा सुरू झाल्या, आणि डॉक्टर कुठे आहेत?

इंग्लंडमधलं पहिलं बाळंतपण असलं की पुण्या-नाशकाहून मदतीला आलेली आई लेबर वॉर्डात तासाभरात विचारतेच, "डॉक्टर कधी येणार?" सगळं सुरळीत असेल तर बहुधा येणारच नाहीत. इथे बाळंतपण मिडवाईफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, करते आणि काही बिनसलं तर डॉक्टरांना तीच बोलावते. आईंना हे विमानात बसण्यापूर्वीच सांगून ठेवा.

पहिलटकरणीला कळा पाच-पाच मिनिटांनी आणि मिनिटभर टिकणाऱ्या येऊ लागल्या की हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाला फोन करा. फोन नवऱ्याने लावला तरी हातात तिच्या द्या. कळ आली असताना तिला बोलता येतंय का, हे मिडवाईफ कान देऊन ऐकत असते. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र मिनिटं मोजत बसू नका.

गर्भपिशवीचं तोंड चार सेंटीमीटरपर्यंत उघडून कळा नियमित झाल्या की सहसा एक मिडवाईफ तिच्याजवळच थांबते. दर पंधरा मिनिटांनी, कळ ओसरल्यावर, ती मिनिटभर बाळाचे ठोके ऐकते. जोर काढायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. लघवीला जाऊन ये, असं ती सारखं म्हणेल. कटकट वाटते, पण भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं.

बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कळा बऱ्याचदा कमरेत उतरतात. इथे नवऱ्याचे हात कामी येतात. तिला गुडघ्यांवर, पलंगावर ओणवं होऊ द्या. माकडहाडाच्या जरा वर जे सपाट हाड लागतं, त्यावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवा, कोपर ताठ करा आणि अंगाचा भार टाका. चोळायचं नाही, दाबून धरायचं. कळ सुरू होताच, ती संपेपर्यंत. बहुतेकांचा हात फार वर, कमरेवर पडतो आणि मग "उपयोग नाही" म्हणून सोडून देतात.

कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून नळीतून ओढायचा गॅस अँड एअर म्हणजे निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. असर व्हायला पंधरा-वीस सेकंद लागतात, म्हणून कळेची चाहूल लागताच ओढायचा. कळ टिपेला पोचल्यावर ओढला तर आराम कळ सरल्यावर मिळतो. नळी तिनेच धरायची. गुंगी आली की हात आपोआप खाली येतो, तीच सुरक्षितता.

शेवटी-शेवटी ती म्हणेल, "मला नाही जमत, सिझर करा." पिशवीचं तोंड पूर्ण उघडत आल्याची ही अनेकदा खूण असते. मिडवाईफ तिच्या डोळ्यांत बघून फक्त पुढच्या कळेबद्दल बोलते. तुम्ही "असं बोलू नये गं" म्हणू नका. ती जे म्हणते ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगा. एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, मागितली तर तेही.

आणि एक शब्द घरीच घोकून ठेवा: "पँट". विजारीचा संबंध नाही! डोकं बाहेर येताना मिडवाईफ हा शब्द म्हणाली की जोर थांबवून तोंडाने हा-हा करत श्वास घ्यायचा. घाईने जोर काढला की योनीमार्गाजवळची त्वचा फाटण्याची शक्यता वाढते. ऐन कळेत इंग्रजी सुचत नाही, तेव्हा कानाशी मराठीतच सांगा. तिचं इंग्रजी बेताचं असेल तर मिडवाईफच्या पहिल्याच भेटीत भाषा "मराठी" नोंदवा. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दुभाषा फुकट मिळतो.