पहिल्या अकरांत जागा कशी मिळते?

प्रश्न : आम्ही बारा वर्षांपासून न्यू जर्सीत राहतो. माझा सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, आहे. तो चपळ आहे, चेंडूही सहसा सोडत नाही, तरी या हंगामात बहुतेक वेळ तो राखीव खेळाडूंच्या बाकावरच होता. 'पुढचा खेळाडू जखमी झाल्याशिवाय आपला नंबर लागत नाही,' असे तो म्हणतो. हे खरे आहे का? मला या खेळातले फारसे कळत नाही.
— एक आई

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे त्याच्या हातात आहे. लॉस एंजेलिस रॅम्स संघाचा पुका नाकुआ याचे उदाहरण पाहा. २०२३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करतात तेव्हा, त्याचे नाव पाचव्या फेरीत, १७७व्या क्रमांकावर पुकारले गेले. इतक्या मागून आलेल्या खेळाडूला पहिल्याच वर्षी मुख्य जागा मिळेल, असे सहसा कोणी धरून चालत नाही. परंतु संघाचा आघाडीचा रिसीव्हर कूपर कप मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीमुळे पहिल्या चार सामन्यांना मुकला. नाकुआने सिअ‍ॅटलविरुद्धच्या पहिल्या सामन्यात १० पास झेलून संघाला ११९ यार्ड पुढे नेले आणि पुढच्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध १५ पास झेलले. नवोदित खेळाडूने एका सामन्यात इतके पास त्यापूर्वी कधीच झेलले नव्हते.

येथपर्यंत आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर ठरते. मात्र पाचव्या सामन्यात कप परतला, तेव्हा नाकुआ बाकावर गेला नाही. हंगामाअखेर त्याच्या नावावर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड होते. हे दोन्ही नवोदितांचे विक्रम ठरले आणि त्यांतला यार्डांचा विक्रम १९६० पासून बिल ग्रोमन यांच्या नावावर होता. दुखापतीमुळे त्याला चार सामन्यांची संधी मिळाली. त्यापुढची जागा त्याने स्वतः टिकवली, आणि मला तीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

ही जागा केवळ वेगावर टिकली नाही, कारण त्याच्याहून वेगाने धावणारे रिसीव्हर त्या ड्राफ्टमध्ये बरेच होते. रिसीव्हरने ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या पावलांनी धावायचे असते, कारण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, अनेकदा रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू फेकतो. वळण दोन पावले पुढेमागे झाले, तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू शकतो. समोरचा बचाव पाहून मार्ग बदलण्याची मुभा असते तेव्हा तर दोघांनी एकाच क्षणी एकच निष्कर्ष काढावा लागतो. म्हणून अचूक धावणाऱ्या मुलावर प्रशिक्षक जितका विसंबतो, तितका नुसत्या वेगवान मुलावर विसंबत नाही.

दुसरी गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. रिसीव्हरकडे चेंडू एका सामन्यात मोजक्याच वेळा येतो. उरलेल्या वेळी त्याने अनेकदा सहकाऱ्याला वाट करून देण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेऊन रोखायचे असते, ज्याला ब्लॉकिंग म्हणतात. रॅम्सच्या पद्धतीत रिसीव्हरला हे काम मन लावून करावे लागते आणि नाकुआ ते अंग न चोरता करतो. शालेय संघात चेंडू हाती नसतानाही जीव तोडून खेळणारा मुलगा मैदानावर राहण्याची शक्यता माझ्या मते अधिक असते.

आपल्या मुलाने प्रशिक्षकांना 'मला का खेळवत नाही' असे न विचारता, त्यांच्याजवळ बसून सामन्याचे चित्रीकरण पाहावे आणि चेंडू आपल्याकडे आला नाही त्या वेळी आपण कोठे चुकलो, ते विचारावे. आपल्याच नव्हे, तर इतर रिसीव्हरच्या जागांवरचे मार्गही त्याने पाठ करावेत, कारण अचानक कोणी बाहेर गेल्यास रिसीव्हरच्या सगळ्या जागांवर खेळता येणाऱ्यालाच प्रथम बोलावले जाते. किकच्या वेळी उतरणाऱ्या विशेष तुकडीत जागा मिळत असेल, तर ती कमी दर्जाची समजून त्याने नाकारू नये. आपणही पुढच्या सामन्यात चेंडूऐवजी काही वेळ फक्त त्याच्याकडे पाहा. चेंडू दुसरीकडे असताना तो काय करतो, हे घरी त्याच्याशी बोलताना आपल्याला उपयोगी पडेल.