वळण वाईट, की चालवणारा?

प्रश्न : काका, नमस्कार. आमचे मिस्टर भाजीचा टेम्पो चालवतात. रात्री बेळगावच्या मार्केटात माल भरायचा आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करून पहाटे गोव्यात उतरवायचा, बारा वर्षं हेच काम. गेल्या श्रावणात पहाटे साडेतीनला जांबोटीच्या अलीकडच्या एका वळणावर टेम्पो पलटी झाला. जीव वाचला, पायात रॉड आहे. कागदावर लिहिलंय ‘अतिवेग व निष्काळजीपणा’. हे म्हणतात, काटा चाळीसच्या वर नव्हता. मालक म्हणतो, डुलकी लागली असणार. गावातले म्हणतात ते वळणच वाईट, बळी घेतंय. आमच्या आधी दोन वर्षांत तिथं तीन गाड्या गेल्या, दोघं वारले. सासूबाईंनी तिथल्या म्हसोबाला नारळ दिला. परवा पोरांनी वळणाच्या तोंडाशी मुरूम टाकून उंचवटा केलाय. माझ्या मुलाला नुकतीच अठरा पुरी झाली, टेम्पो मी चालवतो म्हणतोय. मला एवढंच सांगा, रस्ता वाईट असतो की चालवणारा?
– एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांचा काटा त्या पहाटे किती होता हे मी इथं बसून सांगू शकत नाही, आणि सांगितलं तरी तुम्ही त्यावर विश्वास ठेवू नये. पण एकाच जागी दोन वर्षांत चार गाड्या गेल्या, चारी चालक वेगळे, गाड्या वेगळ्या, आणि सारखं काय असेल तर ते वळण. अशा वेळी आधी वळणाची चौकशी करायची असते. तुमच्याकडे ती झालेली दिसत नाही.

मी तेहेतीस वर्षं रस्त्याच्या कामावर होतो. असंच एक वळण माझ्या हद्दीत होतं, गाव सांगत नाही. तिथं दोन मोटारसायकली गेल्या. दोन्ही वेळा जागेची पाहणी मी केली आणि दोन्ही वेळा अहवालात लिहिलं, ‘चालकाचा निष्काळजीपणा’. ते लिहिलं की काम संपतं. नवं अंदाजपत्रक नको, मंजुरी नको, वरून कुणी विचारत नाही. तिसऱ्या खेपेला गेला तो आमच्याच गँगमधला मुकादम. त्या रस्त्याचा दगड न् दगड त्याच्या हातचा. साईडचं गवत तो काढायचा, खड्डे तो भरायचा. रात्री लुनावरून घरी जाताना तो त्याच वळणावर सरळ शेतात गेला. त्याच्यापुढं ‘निष्काळजीपणा’ लिहायला माझा हात धजला नाही.

दुसऱ्या रात्री एका सहकाऱ्याला घेऊन स्कूटरवरून तिथं गेलो. पावसाची भुरभुर चालू होती. रस्ता उजवीकडं वळत होता आणि विजेचे खांब मात्र जुन्या गाडीवाटेच्या कडेनं नाकासमोर सरळ गेलेले. दिव्याच्या उजेडात आधी खांब चमकायचे, डांबर नंतर दिसायचं. रात्री चालवणाऱ्याचा डोळा खांबांची रांग धरून जातो, तो तसाच सरळ गेला की पुढं शेत. शंभर वेळा दिवसा गेलो होतो, कधी ध्यानात आलं नव्हतं.

सकाळी बादलीभर पाणी घेऊन गेलो. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच आणि आतली खाली ठेवायची असते, म्हणजे गाडी आतल्या अंगाला कलते आणि बाहेर फेकली जात नाही. आपल्याकडच्या मानकांत हा कल सपाट मुलखात जास्तीत जास्त सात टक्के, म्हणजे मीटरभर रुंदीला सात सेंटिमीटर, आणि घाटात दहा टक्क्यांपर्यंत धरलेला आहे. मी पाणी मधल्या पट्ट्यावर ओतलं. ते आत जायला हवं होतं. ते संथपणे, ओघळ धरून, बाहेरच्या कडेला गेलं. तीनदा ओतलं, तीनदा बाहेर. दरवेळी वरून डांबराचा थर देताना कल धरायचा राहून गेला होता आणि वळण उलटं झालं होतं. पाणी जिथं पोचलं तिथं साईडपट्टी वीतभर खचलेली. थरावर थर चढत गेले, कडेला मुरूम कुणी भरला नाही. अशा कडेवरून डावी चाकं खाली गेली की माणूस घाबरून हँडल जोरात उजवीकडं ओढतो, चाक कडेला घासतं, चढत नाही, चढलं तर एकदम झटक्यानं चढतं आणि गाडी समोरच्या बाजूला फेकली जाते किंवा तिथंच आडवी होते. चाळीसच्या काट्यालाही हे होतं. भरलेला टेम्पो असेल तर लवकरच होतं.

मग तेवढा तुकडा उखडून कल काढून परत केला, कडा मुरमानं भरून दाबल्या, वळणाच्या बाहेरच्या अंगाला चमकणारे बाणांचे फलक लावले. पुढची सात वर्षं मी त्या हद्दीत होतो, तिथं कुणी गेलं नाही. चालक तेच, दारू पिणारे तेच, घाईत असणारेही तेच.

म्हणून चालकाला सोडून द्यायचं असं माझं म्हणणं नाही. तवंदी घाट किंवा वंटमुरीचा घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणारे मी खूप पाहिलेत. गिअर नाही म्हणून सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक उरतच नाही. त्यात रस्त्याचा काय दोष? वेगाचा हिशोब तर फार निर्दयी आहे. ताशी ४० असताना समोरचं दिसल्यापासून थांबेपर्यंत ४५ मीटर लागतात असं मानकात धरलंय, ६० ला ८० मीटर आणि ८० ला १२० मीटर. डिपरवर दिसतं जेमतेम चाळीस-पन्नास मीटर. रात्री साठनं जाणारा न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालत असतो, मग तो कितीही पट्टीचा ड्रायव्हर असो.

सरकारी आकड्यांत २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली आणि त्यातल्या दहात सातांपुढं कारण म्हणून अतिवेग आहे. यातलं बरंचसं खरं असणार. पण असे शेरे मी माझ्या हातानं लिहिलेत, म्हणून त्या सातांतल्या प्रत्येकाच्या जागी कुणी पाणी ओतून पाहिलं होतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. स्वीडनच्या संसदेनं १९९७ साली धोरणच ठरवलं की माणूस चुकणार हे धरून रस्ता बांधायचा, चुकीची किंमत जीव असता कामा नये. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळं मृत्यू वा अपंगत्व आलं तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. रस्ता दोषी असू शकतो हे कायद्यानंच मान्य केलंय. दंड कमी आहे, हे माझं मत.

आता डुलकी. मालकानं हा शब्द फार सहज वापरलाय. मार्केटात माल कधी भरून होतो आणि गोव्यात किती वाजता उतरवायचा हे कोण ठरवतं? रात्री दोनपासून पहाटे पाचपर्यंत शरीर झोप मागतंच, बारा वर्षांच्या सवयीनंही ते बदलत नाही. मिस्टर आदल्या दिवशी किती तास झोपले होते ते आठवून लिहून ठेवा. डुलकी लागली असेल तर कबूल करायला कमीपणा वाटू नये. पण त्या वेळेचा भाडेदर आणि वेळेत पोचला नाही म्हणून कापलेले पैसे, हेही कागदावर यायला हवं.

उसाच्या दिवसांत आपल्याकडे हेच दिसतं. नोव्हेंबर लागला की संकेश्वर, निपाणी, चिकोडीकडं रात्री रस्त्यात बंद पडलेली डबल ट्रॉली उभी असते. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, फार तर एक दगड आणि उसाचं वाढं. मागून मोटारसायकल घुसते. ट्रॅक्टरवाल्याचा दोष शंभर टक्के. आणि बाजूला घ्यायला तिथं हातभर साईडपट्टी नाही, हाही दोष शंभर टक्के. एकाचा दोष मोठा ठरला म्हणून दुसऱ्याचा कमी होतो असं नसतं. तुमच्या प्रश्नातल्या ‘की’ला माझं उत्तर हेच आहे, ताई.

पोरांना सांगा, तो मुरमाचा उंचवटा आजच काढून टाका. त्यांची तळमळ मला कळते. पण गतिरोधकाला मापं आहेत : गोलसर, रस्त्याच्या लांबीत ३.७ मीटर पसरलेला, मधे १० सेंटिमीटर उंच, वर पांढरे पट्टे आणि अलीकडं फलक. वळणाच्या तोंडाशी अंधारात आलेला मुरमाचा ढीग म्हणजे भरल्या गाडीला दुसरा सापळा. तिथं पाचवी गाडी गेली तर ती पोरं आयुष्यभर झोपणार नाहीत.

म्हसोबाबद्दल वाईट बोलणार नाही. ज्यांनी तिथं पहिला दगड मांडला त्यांनी जागा बरोबर ओळखली होती. सरकारदरबारी अशी जागा ठरवायलाही हिशोबच लागतो. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राची व्याख्या आहे : साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. मग तो ‘ब्लॅक स्पॉट’. आपल्या बाजूला फलकावर कन्नडमध्ये ‘अपघात वलय’ लिहिलेलं असतं, तेच. नारळ द्या, हरकत नाही, त्याच्याबरोबर एक कळशीही न्या.

दुपारी, वर्दळ कमी असताना, चार माणसं घेऊन जा. दोन्हीकडं शंभर-शंभर पावलांवर एकेक माणूस लाल फडकं घेऊन उभा करा, त्याशिवाय रस्त्यावर पाय ठेवू नका. मधल्या पट्ट्यावर कळशी ओता आणि पाणी कुठं जातं ते बघा, मोबाईलवर चित्रीकरण करा. डांबराच्या कडेपासून माती किती खाली आहे ते पट्टीनं मोजा. रात्री परत जा, पन्नास मीटर अलीकडं कडेला गाडीत बसूनच बघा, उजेडात आधी काय दिसतं, खांब, झाडं, की रस्ता.

मग अर्ज. चारही अपघातांच्या तारखा, वेळा, कोणती गाडी, पाऊस होता की नाही, एवढं एका कागदावर. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या आणि मराठी प्रत सोबत जोडा. आपल्या भाषेचा आग्रह मलाही आहे, पण या कामात कागद भाषेच्या निमित्तानं परत यायला नको. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून त्या टप्प्यातल्या तीन वर्षांच्या अपघातांची नोंद मागा, आणि शेवटचा डांबराचा थर कधी झाला, साईडपट्टीचं काम त्यात धरलं होतं का, हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सगळं सांगून जातं. मिस्टरांच्या कागदावरचा ‘अतिवेग’ हा शेरा आहे, निकाल नाही. दोष ठरवायचा तो न्यायालयानं. वकिलाला हे फोटो आणि मापं द्या.

मुलाचं मात्र स्पष्ट सांगतो. अठराव्या वर्षी लायसन मिळेल, पण भाड्याचं, मालाचं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवायला कायद्यानं वीस वर्षं पुरी लागतात. मधे काही झालं तर विमा हात वर करेल आणि सगळं तुमच्या अंगावर येईल. घरात चूल पेटायची अडचण असणार, ती मी समजू शकतो. तरी दोन वर्षं त्याला वडलांच्या शेजारी बसू द्या. दिवसा, मालाशिवाय, त्याच चोर्ल्याच्या रस्त्यावर. कुठं गिअर उतरवायचा, पावसात कुठल्या वळणावर डांबर गुळगुळीत होतं, हे शिकवणारा माणूस तुमच्या घरातच आहे. पायात रॉड असला तरी डोळे आहेत त्यांचे.

कळशीचं पाणी कुठल्या अंगाला गेलं तेवढं मला कळवा. बाहेरच्या अंगाला गेलं असेल तर अर्ज मी स्वतः लिहून देईन, आणि तिथल्या मोजणीला येईनही.