रानरेडा, सांबर, बारशिंगा: यलोस्टोनच्या प्राण्यांना मराठीत काय म्हणावं?

नेरुळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेकीकडे अमेरिकेला गेल्या असताना त्यांनी यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान पाहिलं आणि सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी त्यावर लेख लिहिला. लेखात बायसनला ‘रानरेडा’, एल्कला ‘सांबर’ आणि मूसला ‘बारशिंगा’ म्हटलं आहे. अंकाचं काम बघणारे काका म्हणतात, तिकडची नावं तशीच ठेवा. कोणाचं बरोबर?

ताई, मी काकांच्या बाजूने आहे. तुम्ही वापरलेल्या तिन्ही नावांचे प्राणी आपल्या देशात आहेत. सांबर तर ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलातच आहे. तुमचा लेख वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते सांबर उभं राहणार, तुम्ही पाहिलेला प्राणी नाही.

‘रानरेडा’ कुठून आला ते कळतं. अमेरिकेत बायसनला सर्रास ‘बफेलो’ म्हणतात आणि भाषांतरात त्याचा रेडा होतो. आपली रानम्हैस गडचिरोलीत कोलामार्काच्या जंगलात आहे. तिची शिंगं लांबलचक, मागे वळलेली. बायसनची शिंगं त्यामानाने अगदी आखूड. मग कोणी ‘गवा’ सुचवेल, कारण इंग्रज शिकारी गव्याला ‘इंडियन बायसन’ म्हणत. तेही नको. दाजीपूरला गवा पाहिलेला कोणीही सांगेल, अंग तुळतुळीत काळं आणि गुडघ्यांखाली चारही पाय पांढरे.

बायसनचं पुढचं धड दाट केसांचं, हनुवटीला दाढी, मागचा भाग निमुळता आणि आखूड केसांचा. खांद्यावरचा उंचवटा लांबूनही लपत नाही. त्याला तुम्ही ‘वशिंड’ म्हटलंय. शब्द सुंदर आहे आणि वाचकाला चित्रही दिसेल, पण बैलाचं वशिंड मांसल असतं, चालताना डुलतं. बायसनच्या उंचवट्यात मणक्यांपासून वर वाढलेली लांब हाडं असतात आणि त्यांना मानेचे दणकट स्नायू जोडलेले असतात. त्यांच्या जोरावर तो हिवाळ्यात डोकं डावी-उजवीकडे फिरवत बर्फ बाजूला सारतो आणि खालचं गवत खातो. म्हणून मी ‘खांद्याचा उंचवटा’ असंच लिहीन.

एल्कचा घोळ इंग्रजीतच आहे. युरोपात ‘एल्क’ म्हणजे अमेरिकेतला मूस. वसाहत करायला गेलेल्या इंग्रजांनी हे नाव तिथल्या दुसऱ्याच हरणाला दिलं आणि ते रुळलं. उद्या तुमच्या अंकात कोणी स्वीडनच्या सहलीवर लिहिलं, तर त्यांचा एल्क वेगळा आणि तुमचा वेगळा! तेव्हा तुम्ही ‘वापिती’ लिहावं असं मला मनापासून वाटतं. शब्द तिथल्या शॉनी लोकांचा आहे आणि त्याचा अर्थ होतो पांढरा पुठ्ठा. पुठ्ठा म्हणजे गुराढोरांचा मागचा गोलसर भाग, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. वापितीची खूण हीच: मान गडद, अंग फिकट तपकिरी आणि पुठ्ठा त्याहून फिकट. सांबर सगळं मिळून गडद दिसतं. शिंगं मोजलीत तरी फरक कळतो. सांबराच्या एका शिंगाला साधारण तीन टोकं, पूर्ण वाढलेल्या वापितीच्या नराच्या एका शिंगाला सहसा सहा. नातं जोडायचंच असेल, तर काश्मीरच्या हंगुल या हरणाशी जोडा, तो त्याचा जवळचा नातलग.

बारशिंग्याचं नावच शिंगांच्या टोकांवरून पडलंय आणि तो राहतो कान्हा, दुधवा, काझीरंगा या भागांत. (येऊरच्या सांबरालाही पुष्कळ जण बारशिंगा म्हणतात, तेही चूकच.) मूसच्या नराची शिंगं पंजासारखी पसरट असतात, कडेला टोकं फुटलेली. मादीला शिंगं नसतात आणि नरही दर हिवाळ्यात ती गाळतो, त्यामुळे शिंगांवर विसंबू नका. थोबाड बघा: लांब, खाली झुकलेलं, वरचा ओठ लोंबता. खांदा पुठ्ठ्यापेक्षा उंच, पाय लांबच लांब. गळ्याखाली केसाळ कातडं लोंबतं. गाईच्या गळ्याखालच्या कातड्याला आपण पोळी म्हणतो, तो शब्द इथे बिनदिक्कत वापरा. हरणांच्या कुळातला हा सगळ्यात मोठा प्राणी, मोठ्या नराचं वजन 500 किलोच्या वर जातं.

तुम्ही ओझरता उल्लेख केलेला ‘काळवीट’ बहुधा प्राँगहॉर्न असावा. तो हरीणही नाही आणि काळविटाच्या जातीतलाही नाही, त्याचं कुळच निराळं. नाव तेच ठेवा.

राहिला ‘मूस’ या शब्दाच्या व्याकरणातल्या रूपांचा प्रश्न. मराठीत ‘मूस’ आधीपासून आहे, सोनं वितळवायची. ती स्त्रीलिंगी, म्हणून ‘मुशीत’. प्राणी पुल्लिंगी ठेवावा आणि प्रत्यय सरळ जोडावा: ‘मूसने मान वर केली’, ‘दोन मूस ओढ्यात उभे होते’. मादीसाठी ‘मूसची मादी’ पुरे. पहिल्यांदा नाव येईल तिथे ‘मूस हे प्रचंड हरीण’ एवढं लिहा, पुढे नुसतं ‘मूस’ चालेल.