आधी पत्रा, मग इंजिन : जुन्या इटालियन स्पोर्ट्स गाड्यांविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

बेताच्या पैशांत जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांची पत्रे मला ब्रिटनमधून, अमेरिकेतून आणि अलीकडे पुण्या-मुंबईतूनही येतात. इंग्लंडच्या मिडलंड्स भागात याच गाड्यांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे. पत्रांत इंजिनाची ताकद, रंग, चाके आणि लिलावातल्या किमती यांची चौकशी भरपूर असते. पत्र्याची चौकशी मात्र जवळजवळ कोणी करत नाही, आणि गाडी घरी आल्यानंतर जे दुसरे पत्र येते ते बहुधा पत्र्याविषयीच असते. तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे १२ हजार पौंड आहेत. अल्फा रोमिओ स्पायडर, फियाट १२४ स्पायडर आणि फियाट एक्स १/९ यांपैकी कोणती गाडी घ्यावी? (लेस्टर)

उत्तर : १२ हजार असतील तर गाडी ९ हजारांची बघा. उरलेले ३ हजार पहिल्या वर्षातच लागतात, आणि ज्यांनी ते बाजूला ठेवलेले नसतात त्यांची गाडी दुसऱ्या वर्षी आच्छादनाखाली उभी असते.

तिन्हींत कमी पैशांत बसणारी गाडी म्हणजे एक्स १/९. ती १९७२ ते १९८९ या काळात बनली, तिची बांधणी बेर्तोने या इटालियन बॉडी-कंपनीची आहे आणि आसनांच्या मागे बसवलेले इंजिन फियाट १२८ च्या घराण्यातले आहे. आधी ते १२९० सीसीचे होते. १९७८ पासून १४९८ सीसीचे इंजिन आणि पाच गिअर आले. मी नंतरची गाडी सुचवेन. मात्र रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्यामुळे पाण्याच्या लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. त्या गंजलेल्या किंवा चुकीच्या ठिकाणी जॅक लावून चेपलेल्या नाहीत ना, हे पाहावे लागते. उंच माणसाने आधी एकदा आत बसून बघावे.

फियाट १२४ स्पायडर १९६६ ते १९८५ या काळातली, पिनिनफरिना या इटालियन आरेखन-संस्थेने आरेखन केलेली गाडी आहे. उजव्या स्टिअरिंगची १२४ स्पायडर कंपनीने ब्रिटनमध्ये अधिकृतपणे विकली नाही. त्यामुळे येथे मिळणाऱ्या बहुतेक गाड्या अमेरिकेतून आलेल्या, डाव्या स्टिअरिंगच्या असतात. कोरड्या हवेतून आलेल्या गाडीचा पत्रा चांगला असतो, पण रबर, आसने आणि डॅशबोर्ड उन्हाने तडकलेले असतात. हा सौदा फायद्याचाच आहे, कारण आसने बदलणे पत्रा बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडते.

अल्फा स्पायडर १९६६ ते १९९३ अशी तब्बल २७ वर्षे बनत राहिली आणि सुटे भाग व जाणकार या दोन्ही बाबतींत ती सर्वांत सोयीची आहे. सगळ्यांना हवी असते ती सुरुवातीची, गोल शेपटीची. तुम्ही १९८३ नंतरची, मागे काळ्या रबराचा पट्टा असलेली बघा. तिला कमी लेखतात म्हणून ती स्वस्त आहे. चालवताना ती मुळीच कमी वाटत नाही.

लान्सिया फुल्व्हिया कूपेविषयीही तुम्ही ओझरते विचारले आहे. तिचे अरुंद कोनाचे व्ही-४ इंजिन हा अभियांत्रिकीचा सुंदर नमुना आहे, पण पहिली जुनी गाडी म्हणून ती घेऊ नये. पुढची सबफ्रेम (इंजिन पेलणारा लोखंडी सांगाडा) जिथे बॉडीला जोडलेली असते तिथे ती सडते आणि तो खर्च मोठा असतो.

तिन्हींपैकी ज्या एका गाडीचा पत्रा चांगला निघेल ती तुमची गाडी. निवड मॉडेलवरून करू नका, आणि निवड झाल्यावरही त्या मॉडेलच्या जाणकाराकडून ती तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : हिवाळ्यात ही गाडी रोज कामावर नेता येईल का? (मँचेस्टर)

उत्तर : नाही. बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडू लागले की ती आत ठेवावी, मिठाने पत्रा गंजतो.

प्रश्न : ४० वर्षांवरील गाडीला एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक सक्तीची तपासणी) लागत नाही म्हणतात. मग तपासणीवर खर्च कशाला? (स्लाव)

उत्तर : ही सूट २०१८ पासून आहे आणि गेल्या ३० वर्षांत मोठा फेरबदल न झालेल्या गाड्यांनाच आहे. ती सुस्थितीचा दाखला नव्हे. एमओटी स्वखर्चाने जरूर करून घ्या. शिवाय नोंदणी क्रमांक टाकला की सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या आधीच्या चाचण्यांचे निकाल मोफत दिसतात. एखाद्या वर्षी ‘सिल गंजलेला’, म्हणजे दरवाजाखालचा भार पेलणारा खोका गंजलेला, असा शेरा असेल आणि त्यानंतर गाडी एकदाही चाचणीला गेली नसेल, तर विक्रेत्याला त्याच शेऱ्याविषयी विचारा.

प्रश्न : १९७४ ची अल्फा स्पायडर ‘संपूर्ण रिस्टोअर केलेली’ अशा जाहिरातीत पाहिली. फोटोंत खालून काळेभोर ताजे कोटिंग दिसते, रंग आरशासारखा आहे. विक्रेता म्हणतो, दुसरा गिऱ्हाईक उद्या येणार आहे, आज ५०० पौंड इसार पाठवा. पाठवू का? (बर्मिंगहॅम)

उत्तर : पाठवू नका. पुढचे सगळे नीट वाचा, कारण असे पत्र आल्याशिवाय माझा महिना जात नाही.

या गाड्यांना वेगळी चेसिस नसते. पत्र्याचे खोके हीच चेसिस असते. वर छप्पर असलेल्या गाडीत छप्परही थोडा भार घेते. स्पायडरसारख्या कापडी टपाच्या गाडीत तो सगळा भार दरवाजाखालच्या दोन लांब पोकळ खोक्यांवर येतो, ज्यांना आपण सिल म्हणतो. स्पायडरच्या सिलमध्ये बाहेरचा, मधला आणि आतला असे पत्र्याचे तीन थर असतात. पाणी निचऱ्याची छिद्रे बुजली की चिखल आणि ओल आत अडकते, आणि मधला थर आतून सडत जातो, तर बाहेरचा अखेरपर्यंत गुळगुळीत दिसतो. नीट दुरुस्ती करायची तर बाहेरचा पत्रा कापून मधला आणि आतला उघडावा लागतो, आणि त्याआधी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या बसवाव्या लागतात, नाहीतर सिल कापताक्षणी गाडी मध्ये वाकते आणि दरवाजे पुन्हा कधी नीट बसत नाहीत. हे काम वेळखाऊ आणि महाग आहे. म्हणून सडक्या सिलवर नवा पत्रा टाकायचा, वेल्डिंगच्या चार टिपा मारायच्या, पुट्टी भरायची आणि वर जाड काळे कोटिंग फासायचे, हा धंदा चालतो. ताजे काळे कोटिंग पाहून गिऱ्हाइकाला गाडी जपलेली वाटते. मला मात्र ते दिसले की त्याखाली काय आहे हाच प्रश्न पडतो. चांगले काम करणारा माणूस ते झाकत नाही; तो उघड्या पत्र्याचे, कापलेल्या सिलचे आणि पट्ट्या लावलेल्या चौकटीचे फोटो तारखेसह जपून ठेवतो आणि न मागता पुढे करतो. रिस्टोरेशनचे असे फोटो नसतील, तर रिस्टोरेशन झालेच नाही असे धरून किंमत ठरवावी.

गाडी बघायला गेलात की रंगाकडे लगेच पाहू नका. दरवाजा बंद असताना त्याच्या मागच्या कडेजवळची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते बोटाने चाचपा. मग मालकाची परवानगी घेऊन, गाडी पक्क्या सपाट जागी असताना, ठरवून दिलेल्या जागी जॅक लावून ती बाजू थोडी उचलायला सांगा आणि तीच फट पुन्हा बघा. वरच्या बाजूला फट मिटू लागली किंवा दरवाजा उघडताना घासू लागला, तर सिलमध्ये जीव उरलेला नाही. जॅक लावायला मालक नको म्हणाला, तर तेही उत्तरच समजावे. त्यानंतर मऊ फडक्यात गुंडाळलेले हलके चुंबक सिलवर, चाकांच्या कमानींवर आणि दरवाजांच्या खालच्या कडांवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकले तर चांगला पत्रा खणखणतो आणि पुट्टी बद्द आवाज देते. डिकीतला गालिचा उचलून स्पेअर चाकाचा खड्डा आणि बॅटरीखालची जागा पाहा. पायाखालचा गालिचा उचला. तो ओला असेल तर फरशीचा पत्राही ओला आहे.

हे सगळे करूनही निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका. गाडी रॅम्पवर चढवून त्या मॉडेलच्या जाणकाराला दाखवा; अल्फा मालकांच्या क्लबात असा माणूस सापडतो. त्याला दोन-तीनशे पौंड द्यावे लागले तरी द्या, कारण दोन्ही बाजूंच्या सिलचे काम काही हजारांत जाते. आणि उद्या येणाऱ्या त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची चिंता करू नका. असा गिऱ्हाईक जवळजवळ प्रत्येक विक्रेत्याकडे उद्याच येणार असतो.

प्रश्न : फियाटने रशियाला कारखाना देऊन बदल्यात निकृष्ट पोलाद घेतले, म्हणून त्या काळच्या इटालियन गाड्या सडल्या, हे खरे का? (स्टुटगार्ट)

उत्तर : ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता तिचा कंटाळा आला आहे. फियाटचा सोव्हिएत संघाशी करार १९६६ चा आणि तोल्याती येथील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या १९७० मध्ये. पण त्याआधी बनलेल्या इटालियन गाड्याही तशाच सडल्या आहेत, आणि त्या काळच्या ब्रिटिश, फ्रेंच व जपानी गाड्याही सडल्या आहेत. पाणी साचेल अशा पोकळ्या आणि त्यांत मेणाचे संरक्षण नसणे हे साधे कारण पुरेसे आहे. पोलादाची जन्मकथा शोधण्यापेक्षा निचऱ्याची छिद्रे साफ करा आणि पोकळ्यांत मेण भरून घ्या.

प्रश्न : माझ्या १२४ स्पायडरचा टायमिंग बेल्ट १० वर्षांपूर्वी बदलला होता, पण गाडी त्यानंतर जेमतेम ३ हजार मैल चालली आहे. आता बदलावा का? (न्यू जर्सी)

उत्तर : हो, आणि बदलेपर्यंत गाडी सुरू करू नका. व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा हा बेल्ट मैलांनी झिजतो तसा वयानेही कडक होतो, आणि तो तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह वाकू शकतात. सोबत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही बदला. अल्फा स्पायडरच्या इंजिनात बेल्टऐवजी साखळी असल्याने ही काळजी तिथे नाही.

प्रश्न : अल्फाच्या ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. चार महिने झाले, पण गाडी छान चालते. काळजीचे आहे का? (लंडन)

उत्तर : चार महिन्यांपूर्वीच विचारायला हवे होते. थंडीत फक्त जवळच्या फेऱ्या झाल्या तर वाफेमुळेही अशी साय येते. पण या ॲल्युमिनियमच्या इंजिनात हेड गॅस्केट (इंजिनाचे वरचे व खालचे भाग सांधणारा पातळ थर) आणि ऑइलच्या मार्गातल्या लहान रबरी कड्या निकामी होणे हा ओळखीचा दोष आहे, आणि मग ऑइल व पाणी एकमेकांत मिसळते. पाण्याच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का, पाणी कमी होते का, हे आजच बघा आणि याच आठवड्यात दाबाची चाचणी करून घ्या. गॅस्केटचे काम आवाक्यातले आहे. पाणी मिसळलेल्या ऑइलवर चालून खराब झालेल्या बेअरिंगचे नाही.

प्रश्न : १९७८ च्या अमेरिकन अल्फा स्पायडरला स्पिका कंपनीचे पेट्रोल-इंजेक्शन आहे. ते काढून वेबर कार्ब्युरेटर लावावेत असे सगळे सांगतात. (सॅन होजे)

उत्तर : ‘सगळे’ म्हणजे ज्यांना स्पिका जुळवता येत नाही ते. अमेरिकेत गेलेल्या अल्फांना १९६९ पासून १९८१ पर्यंत स्पिकाचा यांत्रिक पंप होता आणि नीट जुळवलेला असेल तर तो उत्तम काम देतो. बहुतेक वेळा दोष पंपात नसतो, तर इंजिनाच्या उष्णतेनुसार मिश्रण बदलणारा थर्मोस्टॅटिक ॲक्च्युएटर गेलेला असतो किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला असतो. शिवाय तुम्ही कॅलिफोर्नियात आहात. तिथे १९७६ आणि त्यानंतरच्या गाड्यांना धुराची चाचणी लागते आणि मूळ यंत्रणा काढलेली गाडी तीत नापास होईल. स्पिका जाणणारा कारागीर शोधा. असे कारागीर अजून आहेत.

प्रश्न : माझेराटी बिटुर्बो आणि फेरारी मोंडियाल इतक्या स्वस्त कशा? माझे बजेट जेमतेम पुरते. (रीडिंग)

उत्तर : जेमतेम पुरत असेल तर घेऊ नका. बिटुर्बो १९८१ मध्ये आली. दोन टर्बो असलेले तिचे व्ही-६ इंजिन दोन लिटरच्या आत ठेवले होते, कारण इटलीत त्यावरच्या गाड्यांना विक्रीकर जास्त होता. गाडी धाडसी होती, पण आधीच्या मालकाने देखभाल टाळली असेल तर ती सगळी थकबाकी तुमच्यावर येते. १९८९ पासूनच्या ‘मोंडियाल टी’ या मॉडेलचा टायमिंग बेल्ट बदलायचा तर इंजिन खाली उतरवावे लागते. आकड्यांसाठी तज्ज्ञ गॅरेजकडून पुढच्या मोठ्या सर्व्हिसिंगचा लेखी अंदाज आधी मागा. अंदाज न मागता घेतलेली फेरारी मी परत विकायला निघालेली बरेचदा पाहिली आहे.

प्रश्न : प्रीमियर ११८ एनईचे भाग १२४ स्पायडरला चालतात असे ऐकले. माझ्या काकांच्या गॅरेजात पोतेभर पडले आहेत. (पुणे)

उत्तर : ऐकीव माहितीवर पार्सल पाठवू नका. कुर्ल्याच्या प्रीमियरची ११८ एनई फियाट १२४ सेडानच्या बॉडीवर बेतलेली होती, पण तिचे इंजिन निस्सानचे, ११७१ सीसीचे होते. त्यामुळे इंजिनाचा एकही भाग उपयोगी नाही. इतर भागांचे क्रमांक आणि मापे जुळवून, जाणकाराला दाखवूनच ठरवा.

प्रश्न : ब्रिटनमधली अल्फा भारतात आणता येईल का? (मुंबई)

उत्तर : भारतात वापरलेल्या गाडीच्या आयातीला सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या वयाची मर्यादा आहे, ५० वर्षांवरील गाड्यांचा विचार वेगळा होतो. म्हणजे १९८५ ची स्वस्त स्पायडर या दोन्हींत बसत नाही. ५० वर्षांवरील गाडी आणली तरी सीमाशुल्क आणि इतर करांचा बोजा गाडीच्या किमतीहून मोठा होऊ शकतो, त्यामुळे ‘परवडणारी’ हा शब्द बंदरातच मागे राहतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे आहे; पण ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापरासाठी नाही. स्टिअरिंग कोणत्या बाजूचे आहे, हेही आधीच स्पष्ट करून घ्या. नियम बदलत असतात, म्हणून ब्रिटनमधल्या विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी सीमाशुल्काचे काम करणाऱ्या परवानाधारक दलालाकडून खर्चाचा लेखी हिशेब घ्या आणि आरटीओत त्या विशिष्ट गाडीची कागदपत्रे दाखवून विचारा.